उचल की उचला

‘मालबाबू’ या संगणकावरच्या खेळाला चार बटणं होती : पाय, उचल, बोल, लाव. पडद्याच्या तळाशी ती एका ओळीत असत. आधी बटण दाबायचं, मग चित्रातल्या वस्तूवर टिचकी मारायची, की रायपूरच्या मालधक्क्यावरचा तो बाबू तसं करायचा. किंवा करायला नकार द्यायचा. नकार जास्त द्यायचा आणि लोक मुख्यतः त्यासाठीच खेळायचे.

‘पाय’ म्हणजे पाहा. विदर्भातून येऊन रायपुरात मुरलेल्या आमच्यासारख्या घरांत तसंच म्हणतात. पुण्याच्या लोकांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी ‘पाय’ दाबून बंद दारावर टिचकी मारली, बाबू आता सणसणीत लाथ घालेल म्हणून वाट पाहिली. बाबूनं दार वरपासून खालपर्यंत निरखलं आणि सांगितलं, “दार हाये. बंद हाये.” तिकडून पत्र आलं की लाथेची सोय बिघडलेली आहे, दुरुस्त करावी. माझ्या वहीत हा आक्षेप क्रमांक एक आहे.

वहीचं सांगते. मी सरकारी लेखापरीक्षणात आहे. समता कॉलोनीत तळमजल्यावर राहते, ऑफिसच्या बसनं नव्या रायपूरला जाते-येते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं ही माझी नोकरी, आणि खोटं कशाला बोलू, छंदही तोच. वरच्या मजल्यावर मंजिरी आणि शेखर उमाठे राहतात. मंजिरी चित्रं काढते, गोष्ट लिहिते; शेखर संगणकाची बाजू बघतो; दोघंही आपापली नोकरी सांभाळून. खेळ तयार होत आला की तो मी आधी खेळायचा आणि चुका लिहायच्या, असं सहा वर्षांपूर्वी ठरलं. वहीत तीन रकाने : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. चौथ्या रकान्यात शेखर ‘मान्य’ लिहितो. एकदा त्यानं ‘अमान्य’ लिहिलं होतं. मी पुरवणी आक्षेप काढला. तेव्हापासून लिहीत नाही.

खेळाच्या पहिल्या चार भागांत मालधक्क्यावर पडून राहिलेल्या चार बेवारस पेट्या आल्या आणि बाबूनं चारही मालक हुडकून काढले. मालधक्का खरा होता, बाबूही बराचसा खरा होता. मंजिरीचे सासरे नरहरीकाका छत्तीस वर्षं रेल्वेत मालबाबू, म्हणजे मालाची नोंद ठेवणारे कारकून होते. मंजिरी अमरावतीहून लग्न होऊन आली तेव्हा घरात त्यांच्या गोष्टी सगळ्यांच्या ऐकून झालेल्या होत्या. नवी सून हीच काय ती नवी श्रोती. काका वाटाणे सोलता सोलता सांगायचे आणि ती पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातानं टिपून ठेवायची. पुढे त्याचा खेळ झाला तेव्हा बाबूला आवाज कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारलासुद्धा नाही.

पाचवा भाग शेवटचा, हे मंजिरीनं आधीच जाहीर करून टाकलं होतं. बाबू साठीचा होणार, निवृत्त होणार, खेळ संपणार. तिलाही सुटायचं होतं. सहा वर्षं तीच पत्र्याची शेड, तोच वजनकाटा काढून तिचं मनगट धरलं होतं. दसऱ्याला भाग बाहेर यायचा होता. बाबूची तीनशे बारा वाक्यं लिहून झाली होती आणि मे महिन्यात काकांनी ती बोलायला सुरुवात केली.

बोलायची खोली म्हणजे मागची अडगळीची खोली. चारी भिंतींना गोल बाजारातून आणलेल्या रजया ठोकलेल्या, खिडकीत गादी. पंखा बंद, कारण आवाज टिपणाऱ्या यंत्राला पंखा ऐकू जातो. मे महिन्यात रायपुरात, रजयांच्या खोलीत, पंख्याशिवाय. काका गळ्यात गमछा टाकून बसायचे आणि तासभर बोलून बाहेर आले की उसाचा रस मागायचे. तक्रार नसायची. मी पाहिलेल्या माणसांत कामाची हौस असलेले सत्तरीचे तीनच. बाकीचे दोघे निवडणुकीला उभे असतात.

तीन प्रसंग बोलून झाले. तोवर मंजिरीनं पडद्यावर चौथ्या भागातलंच चित्र ठेवलं होतं, काळ्या केसांचं. चौथ्या दिवशी नवं चित्र आलं. केस पांढरे, खांदे जरा उतरलेले, चष्म्याला दोरी. काका बराच वेळ पाहत राहिले.

“हे कोन हाये?”

“बाबू आहे, बाबा. साठीचा.” मंजिरी म्हणाली.

“अन् खाली काय लिहिलं हाये?”

“तेच. पाय, उचल…”

“उचल कोन म्हनून राहिला?”

“कोणी नाही हो. बटण आहे ते.”

“बटनाले तोंड नसते, सूनबाई. खेळनारा म्हनते. शेखर, खेळनारा किती वर्षांचा असीन?”

शेखर तारा गुंडाळत होता. तो म्हणाला, “बारा पण असेल, पन्नास पण असेल. काय फरक पडते?”

“बारा वर्षाचं पोट्टं साठ वर्षाच्या मानसाले म्हनते, उचल. अन् हा उचलते. असं पाह्यलं काय तू कुठं?”

“चार भाग तेच करून राहिले ना लोक! आता काहून आठवलं?”

“तवा तो जवान होता. जवान मानसाले कोनीबी उचल म्हनते.” काकांनी कानावरचे हेडफोन काढले, तारेचं नीट वेटोळं करून टेबलावर ठेवले. “बटन बदला. मंग बोलीन.”

आणि खाली येऊन माझ्या व्हरांड्यात बसले. मी रस दिला. त्यांनी तो घेतला, पण वर जायचं नाव काढलं नाही.

दोन दिवस वरच्या मजल्यावर समजावणं चाललं. यामिनीनं, म्हणजे मंजिरीच्या चौदा वर्षांच्या मुलीनं, आजोबांना हिंदीत सांगून पाहिलं, “आजोबा, गेम में सबको ऐसे ही बोलते हैं.” आजोबा म्हणाले, “तू मले काय म्हनते? आप म्हनते ना? मंग?” शेखरनं स्वतः दोन वाक्यं बोलून पाहिली. ती ऐकून मंजिरी म्हणाली की बँकेतून कोणी खात्याची माहिती विचारायला फोन केल्यासारखं वाटतंय. तिसऱ्या दिवशी तिनं हात टेकले. चार बटणं, चार मिनिटांचं काम. पाहा, उचला, बोला, लावा.

“मग बाबूनं खेळणाऱ्याला काय म्हणायचं?” तिनं काकांना विचारलं. “त्याचं ते ‘तुले काही काम नाही काय रे?’ ते कसं करायचं? ‘तुम्हाले काही काम नाही काय?’ तिकिटाच्या खिडकीवर भांडण लागल्यासारखं होईल.”

“ते तसंच ठेव. मी त्याले तू म्हनीन. तो मले तुम्ही म्हनीन. मोठा कोन हाये?”

म्हणजे वाक्यं तीच राहिली, फक्त बटणं बदलली. काका खूश झाले. पुढचे तीन प्रसंग त्यांनी दोन दिवसांत बोलून टाकले आणि मंजिरीनं ते आम्हाला तपासायला दिले.

तपासणारे आम्ही तिघं : मी, यामिनी, आणि उदय मानापुरे. उदय उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये पाळीप्रमुख. वर्णानं मुळात गोरा आहे असं त्याची बायको सांगते. लोखंडाच्या धुळीतून घरी आला की आंघोळीआधी अर्धा तास खेळतो. या माणसाचा खेळण्याचा एकच नियम : जे करायला नको ते आधी करून बघायचं. स्टेशनमास्तरची सायकल उचल, कुत्र्याला पावती लाव, वजनकाट्याशी बोल. अशा प्रत्येक आगाऊपणाला बाबूचं वेगळं उत्तर मंजिरीनं लिहून ठेवलेलं असे. सायकल उचलायला सांगितली की बाबू म्हणे, “सायकल मास्तरची हाये. मी सायकल उचलली तर मास्तर मले उचलतीन.” तीनशे बारा वाक्यांपैकी गोष्ट पुढे न्यायला लागणारी फक्त चौऱ्याण्णव. बाकीची दोनशे अठरा नुसती आगाऊपणाची उत्तरं.

मी वही घेऊन बसले तर आक्षेपच सापडेनात. खेळ सुरळीत चालत होता. अडकत नव्हता, कोसळत नव्हता. तरी काही तरी कमी होतं. हिशेब जुळतो आणि तरी पटत नाही, असं ऑफिसात झालं की मी मागची पानं काढते. इथंही काढली.

आधी तपासलेल्या पहिल्या तीन प्रसंगांत, जुन्या बटणांवर, मी एकसष्ट आगाऊपणा केले होते. यामिनीनं सत्त्याऐंशी. उदयनं एकशे अठरा. पुढच्या तीन प्रसंगांत, नव्या बटणांवर, माझे चौदा, यामिनीचे एकतीस, आणि उदयचे नऊ.

मी उदयला फोन केला. “काय रे, तब्येत बरी आहे ना?”

“काहून, दीदी?”

“नऊच?”

त्याला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, “अरे, काय सांगू! मी ‘उचला’ दाबलं अन् त्या म्हाताऱ्याचं तोंड पाह्यलं. मले वाटलं आपल्या मामाजींना मी गाढवावर बसा म्हणून राहिलो. एक-दोनदा केलं. तो म्हणाला, ‘तुले काही काम नाही काय रे?’ दीदी, खरं सांगतो, मी सॉरी म्हटलं. मॉनिटरले!”

हेच ते. जुन्या बटणांवर ते वाक्य दोस्तानं मारलेला टोमणा होता, लोक तो ऐकायला मुद्दाम चुकायचे. आता तेच वाक्य, तोच आवाज, पण वडीलधाऱ्यानं दिलेला दम झाला होता. ज्याला आपण अहो म्हटलं त्याची मस्करी करायला हात धजत नाही. खेळणारा मुकाट्यानं बरोबर वस्तू उचलायला सांगायचा, बाबू मुकाट्यानं उचलायचा, आणि गोष्ट सरळ रेषेत निवृत्तीकडे जायची.

शेखरनं नेहमीप्रमाणे शंका काढली. पुढचे प्रसंग सोपे असतील. रास्त होती. म्हणून मी ऑफिसच्या बसमधल्या दोघींना तोच एक प्रसंग दिला, एकीला जुन्या बटणांचा, दुसरीला नव्या. एकीचे बावीस. दुसरीचे दोन, आणि त्यातला एक बसच्या धक्क्यानं. शेखरनं चौथ्या रकान्यात ‘मान्य’ लिहिलं.

मंजिरीनं तो आकडा पाहिला आणि खुर्चीत बसली. “म्हणजे माझी दोनशे वाक्यं कोणी ऐकणारच नाही.”

“दोनशे अठरा,” मी म्हटलं.

“ताई, ती वाक्यं हाच खेळ आहे हो. पेटीचं काय, पेटी कोणीही शोधेल.” तिनं वही माझ्याकडे सरकवली. “बाबांना मी नाही सांगू शकत. मी सांगितलं की सून म्हणून सांगितल्यासारखं होईल. तुम्ही सांगा. तुमच्याकडे निदान वही आहे.”

संध्याकाळी काका व्हरांड्यात आले तेव्हा मी वही पुढे केली. मंजिरी दाराशी उभी राहिली, शेखर तिच्या मागे. काकांनी चष्मा लावला. मालधक्क्यावर छत्तीस वर्षं मालाची नोंद केलेला माणूस. बोट रकान्यावरून खाली नेत त्यांनी बेरजा स्वतः तपासल्या. बरोबर होत्या.

“म्हंजे,” ते म्हणाले, “मान दिला की लोकं चूप बसतेत.”

“इतकं नाही, पण असंच.”

“अन् मानूस काय बोलते ते कोनी ऐकत नाही.”

“चौऱ्याण्णव ऐकतील. बाकीची गोदामात पडून राहतील.”

“बेवारस,” शेखर मागून म्हणाला. त्याला वाटलं विनोद झाला. कोणी हसलं नाही.

मंजिरी पुढे आली. “बाबा, बटणं परत पहिल्यासारखी करू या का? लोक तू म्हणतात ते प्रेमानं म्हणतात हो. त्यांना बाबू आपला वाटतो. आणि ती वाक्यं… ती माझी पण आहेत.”

काकांनी वही मिटली, पण हातातून सोडली नाही. मग ते माझ्याकडे बघून बोलायला लागले. सुनेला सांगायचं असलं की ते माझ्याकडे बघतात.

“सुजाताबाई, छत्तीस वर्षं मले साहेब लोकं काय म्हनत? ए बाबू, रजिस्टर उठा. ए बाबू, इधर आ. माह्यापेक्षा वीस-वीस वर्षानं लहान पोट्टे. मंग राज्य नवं झालं, ऑफिसं नवी झाली, साहेब नवे आले, पन ‘ए बाबू’ तेच. मले वाईट वाटत नव्हतं. आदत झाली होती. ज्या दिवशी रिटायर झालो त्या दिवशी साहेबानं हार घातला, अन् खुर्ची पुढं केली, अन् म्हने, ‘नरहरीजी, आप बैठिए.’ ” त्यांनी एक बोट वर केलं. “आप. छत्तीस वर्षांत एक बार. मी बसलो, अन् पाच मिनिटांत उठलो, कारन गाडीचा टाइम झाला होता.”

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही,” मंजिरी म्हणाली. सोळा वर्षं ती त्यांची गोष्ट न गोष्ट टिपत आली होती.

“सांगितलं असतं तर तू त्याचा खेळ केला असता.”

आणि तिनं तो केलाच असता.

“आता पाय,” काका म्हणाले, “हा बाबू पाचव्या भागात रिटायर होते. त्याच्यानंतर भाग नाही. त्याले कोनी आप म्हननार तर याच भागात म्हननार. नाही तर कधी नाही. लोकं कमी बोलतीन त्याच्याशी, तर कमी बोलतीन. मले चालते.” मग वही मला परत देऊन म्हणाले, “पन तू काय म्हनते ते मी ऐकून घेतलं, मंजिरी. वाक्यं तुही हायेत. बटनं बदलायची तर बदल. मी भांडनार नाही. फक्त मंग आवाज शेखरचा घे.”

हे भांडण नसेल तर भांडण कसं असतं मला माहीत नाही.

मंजिरीनं दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत ती काय विचार करत होती ते मला ठाऊक नाही. ती नेहमीसारखी ऑफिसला गेली, आली, रात्री तिच्या खोलीत पत्र्याच्या शेडची चित्रं रंगवत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं काकांना चहा दिला आणि सांगितलं, “उचलाच राहील. आणि ती जास्तीची वाक्यं कोणी ऐकणार नाही, तर बोलून घसा कशाला सुकवायचा? चौऱ्याण्णवच बोला. गरमी फार आहे.”

काकांना हे अजिबात आवडलं नाही. “काहून? लिहिली हायेत ना? लिहिली तर मी बोलनार. माल आला की नोंद व्हाले पायजे. मालक येवो का न येवो.”

आणि ते पुन्हा रजयांच्या खोलीत जाऊन बसले. उरलेली वाक्यं बोलायला जूनचा अर्धा महिना गेला. जी कोणी ऐकणार नव्हतं ती त्यांनी जास्त मन लावून बोलली. एक वाक्य सात-सात वेळा. शेखर म्हणायचा, “बाबा, छान झालं.” ते म्हणायचे, “नाही. ‘समोसा’ म्हनताना मले हसू आलं. बाबूले हसू येत नाही. फिरून घे.” दुपारी मी घरी असले की छतातून मला ऐकू यायचं : एक माणूस खुर्चीशी, पंख्याशी, हाराशी, समोशाशी गंभीरपणे बोलतोय.

दसऱ्याला पाचवा भाग बाहेर आला. लोकांनी कौतुक केलं. पुण्याहून एकानं लिहिलं की शेवटचा भाग शांत आहे, प्रगल्भ आहे, बाबू मोठा झाला. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं की खेळताना सारखं वडिलांची आठवण येत होती. गोंदियाच्या एकानं फक्त एवढंच विचारलं : ‘बाबू आता बोलत का नाही?’ मंजिरीनं हे पत्र काकांना दाखवलं नाही. काकांनी ते शेखरच्या मोबाइलवर वाचलं होतं. हे घर असंच चालतं.

नोव्हेंबरात आमच्या मराठी मंडळानं रविवारी सकाळी सभागृहात कार्यक्रम ठेवला. रायपुरातल्या मराठी माणसांनी बनवलेला खेळ मोठ्या पडद्यावर खेळायचा. माणसं साठ-सत्तर आली. अकराला सुरुवात आणि एक वाजता सभागृह रिकामं करायचं, कारण पुढे बारसं होतं. मंजिरीच्या मनात एकच गोष्ट होती : खेळाचा शेवट लोकांनी एकत्र बसून पाहावा. शेवटची पेटी उघडते तिथलं चित्र तिनं एकटीनं आठ महिने रंगवलं होतं. तिनं मला तीनदा विचारलं, “दोन तासांत शेवटापर्यंत पोचतील ना?” मी वही पाहून सांगितलं की या बटणांवर दीड तास पुरतो.

माझा अंदाज चुकला. इतका की मलाच पुरवणी काढावी लागली असती.

सुरुवात अंदाजाप्रमाणेच झाली. एकेक जण व्यासपीठावर येऊन माउस हातात घेई. बँकेतून निवृत्त झालेले अच्युतराव आले आणि माइकमध्ये म्हणाले, “बाबूसाहेब, जरा ती पावती उचला, हं.” बाबूनं पावती उचलली. शांताबाई म्हणून बालवाडी चालवणाऱ्या बाई आल्या, त्यांनी बाबूला बोलायला सांगण्याआधी पडद्याला नमस्कार केला. पोरंसोरंसुद्धा रांगेत शिस्तीनं येऊन बरोबर वस्तूवर टिचकी मारून जात होती. सव्वा तासात चुकीच्या टिचक्या तीन. सभागृहात साखरपुड्याला आल्यासारखी शांतता होती. पडद्यावर बाबू निवृत्तीच्या समारंभापर्यंत येऊन पोचला : साहेबांची खुर्ची, तबकात हार, समोशांची परात, छताला पंखा, कोपऱ्यात ती शेवटची पेटी.

काका पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. सुरुवातीला ताठ होते. वीस मिनिटांनी चुळबुळ करायला लागले. पडद्यावर साहेबांची खुर्ची आली तसे शेजारच्याला कोपर मारून म्हणाले, “त्या खुर्चीवर टिचकी माराले सांगा ना त्याले.” शेजारचे म्हणाले, “नाही हो, पेटी उघडायची आहे ना?” काका मागच्या रांगेकडे वळले. “अरे, कोनी समोस्याशी बोला!” मागचा मुलगा संकोचून हसला. त्याला वाटलं आजोबा नाश्ता मागतायत.

व्यासपीठावर तेव्हा एक तरुण मुलगा होता. माउस पेटीच्या अगदी जवळ आलेला.

“थांब!” काका उठले. गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढले, मुलाला म्हणाले, “सरक,” आणि स्वतः खुर्चीत बसले. माइक तोंडाशी ओढला. सभागृहाला कळेना टाळ्या वाजवायच्या की काय करायचं.

काकांनी पडद्यावरच्या पांढऱ्या केसांच्या माणसाकडे पाहिलं. “बाबूजी,” ते माइकमध्ये म्हणाले, “साहेबाची खुर्ची उचला.”

टिचकी. बाबू खुर्चीपाशी गेला, वाकला, पुन्हा सरळ झाला. “छत्तीस वर्षं मनात होतं, उचलून फेकावी. आज फेकाले मोकळा हाये, तर कंबर नाही म्हनते.”

पहिलं हसू मागून आलं, उदयचं. मग सगळं सभागृह.

“बाबूजी, समोस्याशी बोला.”

“समोस्याशी काय बोलू? साहेबाच्या भाषनानं तो थंडा झाला हाये. त्याले चूप राहू द्या.”

“हार पेटीले लावा, बाबूजी.”

“पेटीले हार? पेटी रिटायर नाही झाली. तिची नोकरी बाकी हाये. तुले काही काम नाही काय रे?”

यावर जो गदारोळ झाला त्यात मंडळाचे अध्यक्ष उठून उभे राहिले. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “बाबूजी, साहेबांच्या टोपीला समोसा लावा!” शांताबाई म्हणाल्या, “अहो बाबू, त्या भिंतीवरच्या घड्याळाशी बोला ना!” पोरं हिंदीत सांगायला लागली, “बाबूजी, गमला उठाइए! बाबूजी, पर्दे को बोलिए!” प्रत्येक जण अहो म्हणत होता, जी म्हणत होता, आणि एकाहून एक आगाऊ काम सांगत होता. काका सगळ्यांची ऐकत होते आणि क्रमानं टिचक्या मारत होते. मी वही काढली, पण पहिल्या पंधरानंतर रेघा मारायच्या राहिल्या, कारण पडदा बघायचा होता.

मंजिरी पडद्याच्या बाजूला उभी होती. पावणेएकला ती दोन पावलं पुढे आली, काकांना पेटीची आठवण द्यायला असणार. तेवढ्यात बाबूनं कुंडीबद्दल काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. ती तिथंच थांबली. तिचे ओठ हलताना मला दिसले. पुढचं वाक्य बाबूच्या आधी ती म्हणत होती.

एकला पाच मिनिटं असताना सभागृहाचा राखणदार दयाराम आत आला. बाहेर पाळणा आणि फुलांच्या माळा घेऊन बारशाची मंडळी उभी होती. पेटी अजून बंदच होती. दयाराम व्यासपीठापर्यंत येऊन हात जोडून म्हणाला, “बाबूजी, टाइम हो गया. अब आप उठिए.”

“हव,” काका बसल्या जागेवरूनच म्हणाले, आणि ‘बोला’ दाबून त्यांनी पडद्यावरच्या पंख्यावर टिचकी मारली.